शाळेच्या दारावरची दोन मतं

१० ऑक्टोबर, कारा-तोर

बुरुल एजे,

सुयुंचू! आधी सुयुंचू कबूल कर, मग पुढे वाच. चांगली बातमी आणणाऱ्याला तो मागेल ते द्यायचं असतं, हे आपाने, आपल्या आईने, तुला माझ्याआधी चार वर्षं शिकवलं होतं. सहा वर्षं तू थोरली बहीण असून माझ्याशी बोलत नाहीस म्हणून रीत बदलत नाही.

तुमच्या दक्षिणेतल्या ओशकडचा माणूस राष्ट्राध्यक्ष झाला, ही माझी बातमी नव्हे. ती तुला आमच्याआधी कळली असणार. बटाट्याच्या गाडीवाला झाकीप सांगत होता, तुमच्या बाजारात गाड्यांचे भोंगे वाजवत लोक फिरत होते आणि कुणा कलिंगडवाल्याने सगळी कलिंगडं फुकट वाटून टाकली. आमच्याकडे असलं काही नाही. आकडे आले तसा माझ्या नवऱ्याने, मुकाशने, टीव्ही बंद केला. आबांनी काठीने ढोसून त्याला तो परत लावायला लावला आणि शेवटपर्यंत बघत बसले. आपला माणूस पडला. आपल्या कुळातला, पलीकडच्याच खोऱ्यातला, ज्याच्या आजोबांच्या लग्नात आपले आजोबा घोड्यावरून पडले होते तो. घराघरांत सुतकी चेहरे. आणि मी काय केलं असेल? गोठ्यात गेले, गाईच्या पाठीवर डोकं टेकलं आणि पोट दुखेपर्यंत हसले. का हसले ते आज सांगणार नाही. मत गुप्त असतं, असं शाळेच्या दारावर मोठ्या अक्षरांत लिहिलंय.

आपल्या गावात काय किती गुप्त असतं ते तुला सांगायला नको. ऑगस्टमध्येच सगळे पांढऱ्या दाढीवाले आमच्या अंगणात जमले. आबांनी दोन्ही तळवे उघडून शब्द दिला की कारा-तोरचं एकही मत दुसरीकडे जाणार नाही. सगळ्यांनी तोंडावरून हात फिरवले, मेंढा कापला, खाल्ला. एकदा मेंढा पोटात गेला की मत गेलंच. मग रविवारी शाळेत जायचं ते नुसतं हजेरी लावायला.

माझ्या हजेरीचीही गंमत ऐक. हल्ली बोट टेकवायचं यंत्र आलंय. तीस वर्षं कढत पाण्यात लोकर मळून आणि नमदे लाटून माझ्या बोटांवर रेषा उरल्यात कुठे? यंत्राने दहाच्या दहा बोटं नाकारली. मागे ही रांग. रांगेत म्हातारा सादिर, दोन्ही गुडघे गेलेत तरी घरपोच मतपेटी नको म्हणून नातवाच्या खांद्यावर आलेला. म्हणतो कसा, पायाचा अंगठा लावून बघ गं सोनून. यंत्रापाशी बसलेली कालिपाची सून. रोज माझ्याकडून दूध नेते, पण त्या दिवशी मला विचारते, "आपण कोण?" पासपोर्ट दाखवला, डोक्यावरचा रुमाल मागे सारून चेहरा दाखवला, तेव्हा कुठे मी मी ठरले. तोवर घाम फुटला होता. पडद्यामागे गेले, काय करायचं ते केलं आणि घरी आले.

आता बातमी. मोजणी झाली की कागद शाळेच्या दारावर लावतात, तुला माहीतच आहे. तो कागद तू विसरली नसशील. मागच्या वेळी तुमच्याकडच्या माणसापुढे त्यावर भोपळा होता. तू फोन केला होतास. "अख्ख्या गावात एक नाही? सोनून, तूसुद्धा?" एवढंच बोललीस आणि ठेवलास. तेव्हापासून माझा नंबर तू बंद केलास, म्हणून ही बटाट्याच्या गाडीतून पत्रं पाठवायची पाळी.

तर यंदाचा कागद असा: आपल्या माणसाला तीनशे पंच्याऐंशी. बाकीच्यांना भोपळा. आणि तुमच्या माणसाला दोन.

दोन, एजे. गाव चुलीवरचं दूध सोडून तो कागद बघायला धावलं. देश हातचा गेला त्याचं दुःख दुपारपर्यंत संपलं. आता एकच विषय: ते दोघं कोण?

आबा चौऱ्याऐंशीचे झाले. जुलैत घोड्यावरून पडले, तेव्हापासून खाटेपासून खिडकीपर्यंत आणि परत, तेही दोन काठ्यांवर. तुझं नाव काढत नाहीत. पण आपाला जाऊन वर्ष झालं तेव्हाच्या जेवणातून तुम्ही निघून गेलात, तेव्हाचा अब्दीलदा जेझ्देंचा, आमच्या थोरल्या जावयाचा, टोपीचा डबा अजून त्यांच्या उशाशी आहे आणि कुणाला हलवू देत नाहीत. मला तुझ्याकडून काय हवंय ते तू ओळखून आहेस. आपल्या दोघींमधली खिंड बर्फाने बंद व्हायच्या आत, आबा आहेत तोवर, एकदा ये. बाकी तुझी मर्जी.

तुझी
सोनून

ता. क. पत्र तुझ्या हातात पडल्याशिवाय चहासुद्धा प्यायचा नाही, असं झाकीपला बजावलंय. तो कबूल झाला, पण त्याचं तोंड पाहून मला खात्री वाटत नाही.


१६ ऑक्टोबर

बुरुल एजे,

झाकीप परत आला. चहा प्यायलाच, वर दोन थाळ्या पुलाव हाणला, असं त्याने स्वतःच कबूल केलं. तू पत्र घेतलंस, न उघडता किटलीखाली ठेवलंस, आणि बऱ्याच वेळाने विचारलंस, "म्हातारे चालतात का?" एवढंच. कोण म्हातारे, हे तू सांगितलं नाहीस आणि त्याने विचारलं नाही. पण गाडीत लाल तांदळाचं पोतं ठेवून दिलंस. म्हणजे बोलायचं नाही पण खायला घालायचं. अगदी आपावर गेलीस.

आबांनी पोत्यात हात घातला. दाणा बोटांत धरून उजेडात बघितला आणि विचारलं, कुठला? मी म्हटलं, बाजारातला. ते म्हणाले, "आपल्या बाजारात असा येत नाही." मग तीनदा वाढून घेतला. डॉक्टरने रात्रीचं कमी जेवायला सांगितलंय म्हणून मी दुपारीच केला होता, तर संध्याकाळी पुन्हा विचारतात, उरलाय का.

तू पत्र वाचलंस की नाही, मला ठाऊक नाही. वाचलं नसलंस तर आधी ते वाच, नाहीतर पुढचं कळणार नाही.

इकडे गावात चौकशी बसली आहे. त्याचं असं झालं. जे शाळेत येऊ शकत नाहीत त्यांच्याकडे आदल्या दिवशी घरपोच पेटी येते. ती पेटी वेगळी मोजली. त्यात कागद नऊ. आठ आपल्याला, एक तुमच्याला. म्हणजे एक गद्दार त्या नऊ म्हाताऱ्यांमधला, आणि एक शाळेच्या पेटीतला. शाळेतल्या पेटीचा संशय कुणावर जावा? माझ्या नवऱ्यावर. मुकाशची आई दक्षिणेकडची होती, त्यात तो घरजावई, म्हणजे बाहेरचा तो बाहेरचाच. तीन घरांतून तो चहा न मिळता परत आला. चौथ्या घरी कुत्रं बांधलेलं नव्हतं. घरी येऊन टोपी आपटली आणि म्हणाला, मी नाही दिलं, मी आयुष्यात कधी काही एकट्याने ठरवलंय का? ते मात्र खरं आहे. मी त्याला साय घालून चहा दिला आणि गप्प बसले.

शुक्रवारी आबा सोडून बाकीचे आठही म्हातारे आमच्या घरी आणले. कुणाला गाडीतून, कुणाला पाठुंगळीला. सादिर शाळेत मत देऊन आला होता, तो साक्षीदार म्हणून. चौकशीचे प्रमुख अर्थातच आबा. शब्द त्यांनी दिला होता, मोडला असेल तर नाक त्यांचं कापलं गेलं. भिंतीला टेकून, नवी टोपी घालून असे बसले होते की तू पाहायला हवं होतंस. त्यांनी नान मागवलं. स्वतःच्या हाताने तोडलं, एकेकाच्या हातात तुकडा ठेवला. "मी मोडला असेल तर हे नान मला बाधो," असं म्हणून प्रत्येकाने खायचं. आठांनी खाल्लं. एकाला दात नव्हते, त्याने चहात बुडवून खाल्लं, पण खाल्लं. मग मुकाशने पण मागून घेतलं आणि इतका मोठा घास घेतला की ठसका लागला.

संपली चौकशी. सगळेच निर्दोष. आणि दारावर दोन तसेच.

बायकांना कुणी विचारलंच नाही, एजे. मी किटली घेऊन त्या घोळक्यात वाकून चहा ओतत होते, सगळ्यांच्या नाकासमोर. एकालाही वाटलं नाही की हिला मत आहे.

आता सांगते. एक मत माझं.

सगळं सांगते, म्हणजे पुन्हा सांगायला नको. आपाच्या वर्षाच्या जेवणाला मेंढ्याच्या छातीचा तुकडा थोरल्या जावयाच्या ताटात जायला हवा होता. आदल्या दिवशी अब्दीलदा जेझ्देंनी चहा पिता पिता सांगितलं की मी माझ्याकडच्या माणसाला मत देणार. खोटं बोलले असते तर चाललं असतं, पण त्यांना ते जमत नाही. आबांनी तो तुकडा उचलून मुकाशच्या ताटात ठेवला आणि जेझ्देंना पायाची नळी दिली. पोराटोरांना देतात ती. जेझ्दे उठले, तू उठलीस, गाडी सुरू झाली. हे सगळं तुला माहीत आहे. तुला माहीत नाही ते असं की मुकाश बिचारा त्या तुकड्याला हात लावेना. अन्न टाकायचं नाही म्हणून तो माझ्या ताटात आला, आणि मी खाल्ला. तू फाटकाबाहेर जाईपर्यंत मी तो खात होते. रडतही होते, पण खात होते. चांगला शिजला होता. हे मी सहा वर्षं कुणाला सांगितलेलं नाही.

आणि मग दोन आठवड्यांनी तो भोपळा. तू विचारलंस, तूसुद्धा? होय, मीसुद्धा. मेंढा खाल्ला होता ना.

या वेळी पडद्यामागे उभी राहिले तेव्हा म्हटलं, बस झालं. तुमचा माणूस चांगला की वाईट मला काय कळतं? तो दिसतो मात्र पशुवैद्यासारखा. मी खूण केली ती तुझ्यासाठी केली. मनात हिशेब असा होता की कागदावर एक दिसेल. आपल्या अख्ख्या गावात एक. तू मास्तरीण, निकाल लागला की सगळ्या देशाचे आकडे चाळत बसशील, कारा-तोर शोधशील, तिथे एक बघशील आणि तुला कळेल ते कुणाचं. पत्र नको, फोन नको. मी माझी माफी थेट सरकारी कागदावर लिहून दिली होती.

आणि झाले दोन! म्हणून मी गोठ्यात हसले. नंतर मात्र राग आला. माझ्या माफीत हा दुसरा कोण घुसला? आता तू दोन बघून कुणाकुणाला माफ करशील? तेव्हा गावात सगळ्यात जास्त चौकशी कोण करत असेल तर मी. शोधून काढणारच.

अजून खिंड उघडी आहे. आज कोरडं ऊन आहे.

सोनून


२४ ऑक्टोबर

बुरुल एजे,

सापडला. बसून वाच.

या वेळी झाकीपने सांगितलं की पहिलं पत्र किटलीखाली नव्हतं, दुसरं मात्र तिथे आहे. म्हणजे पहिलं वाचलंस. मग हेही वाचशील.

शुक्रवारच्या चौकशीनंतर मला काहीतरी टोचत होतं, पण काय ते कळेना. रविवारी नान भाजताना कळलं. आबा ज्या घरात बसतात तिथे पहिला घास आबांचा. जन्मापासून आपण तेच पाहिलंय. त्या दिवशी त्यांनी नऊ जणांना नान तोडून दिलं, आणि स्वतः तोंडात कणभर घातलं नाही. यजमान आणि चौकशी करणारा तोच, त्याला कोण म्हणणार की तू पण खा?

काल दुपारी मुकाश बटाटे भरायला गेला होता. आबा खिडकीत बसले होते. मी त्यांच्या पायांवर कढत पाणी ओतत होते. म्हटलं, "आबा, त्या दिवशी तुम्ही नान खाल्लं नाहीत."

"दात दुखत होता."

"दात गेल्या वर्षी नवे बसवलेत."

ते बाहेर बघत राहिले. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "तूही खाल्लं नाहीस."

मी पाणी ओतायची थांबले. असे आम्ही बसलो, त्यांचे पाय घमेल्यात आणि माझ्या हातात तांब्या. मग त्यांची दाढी हलायला लागली. आधी मला वाटलं रडतात. हसत होते, एजे. आपा गेल्यापासून त्यांना मी असं हसताना पाहिलं नव्हतं. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले आणि म्हणाले, "मला वाटलं एकच निघेल. माझं." मी म्हटलं, मलाही तसंच वाटलं होतं, माझं.

मग बोलले. तुला त्यांच्याच शब्दांत लिहिते, कारण एवढं ते सलग कधी बोलत नाहीत. "तो माणूस कसा आहे मला माहीत नाही. चेहरा मला आवडला नाही. पण तो रेडिओवर म्हणाला, खिंडीखालून बोगदा काढीन, बारा महिने गाडी चालेल. मी म्हटलं, काढील न काढील, माझ्याकडे एक मत आहे, ते तिथे टाकून बघू. आणि पोरीला त्या शून्याचं लागलं होतं. तूच मला सांगितलं होतंस. मी ऐकलं नाही असं दाखवलं. ती नळी मी दिली, सोनून. माझ्या हाताने दिली. लोकांना वाटतं मी रागात होतो. राग तर जेवणाआधीच गेला होता, पण तुकडा ताटात ठेवून झाला होता आणि सगळे बघत होते."

मी विचारलं, मग फोन का नाही केलात? त्यांनी उशाखालून तो जुना फोन काढला. म्हणाले, तुझा नंबर त्यांना पाठ आहे. दहा आकडे. रोज सकाळी त्यातले नऊ दाबतात आणि ठेवून देतात.

मी त्यांचे पाय पुसले आणि मोजे घातले.

आज सकाळी त्यांनी पुन्हा सगळ्या म्हाताऱ्यांना बोलावलं. मी म्हटलं, कशाला, झालं गेलं. म्हणाले, त्या आठ जणांना गुडघ्याचं दुखणं पुरे, त्यात माझ्यामुळे संशयाचं नको. सगळे बसल्यावर त्यांनी नान तोडलं, हातात धरलं आणि सांगितलं, घरपोच पेटीतलं मत माझं. शब्द मी दिला आणि मीच मोडला. द्यायचा तो दंड द्या. मला वाटलं आता उठून जातील. आणि का कोण जाणे, मी किटली खाली ठेवली आणि म्हटलं, दुसरं माझं.

पहिला आवाज मुकाशचा. "आणि मी दोन आठवडे चहाविना फिरलो?"

सादिरने दाढी कुरवाळली. त्याचा रशियातला मुलगा तीन वर्षं आला नाही, तुला माहीत असेलच. तो म्हणाला, शब्द मोडल्याचा दंड एक मेंढा. आणि आठ निर्दोष म्हाताऱ्यांना गाडीत घालून आणल्याचा आणखी एक. मग आबांकडे बघून हळूच म्हणाला, "शारशेन, माझा मुलगा ज्या देशात आहे तिथे निवडणुकीला मी मत देऊ शकलो असतो, तर मीही शब्द मोडला असता." त्यानंतर कुणी काही विचारलं नाही. पहिला मेंढा दुपारीच कापला. देश गेला, पण दोन मेंढे आले, असं म्हणत सगळ्यांनी हात धुतले.

आणि आता ज्यासाठी हे पत्र लिहितेय ते. वाढताना छातीचा तुकडा मी मुकाशच्या ताटाकडे नेला, तर आबांनी माझं मनगट धरलं. तुकडा घेतला, स्वतः मीठ चोळलं, दोरी बांधली आणि थंड खोलीत टांगायला लावला. सगळ्यांसमोर म्हणाले, "हा थोरल्या जावयाचा आहे. तो येईपर्यंत कुणी हात लावायचा नाही."

तर माझी बातमी ही. तुमचा माणूस जिंकला ही नव्हे, दोन मतं पडली ही नव्हे. आबांनी तुला मत दिलं, ही. आता सुयुंचू टाळता येणार नाही, आणि मला चादर नको, रुमाल नको. मला तू हवीस, जेझ्देंसकट. बोगदा होईल तेव्हा होईल. राष्ट्राध्यक्षाचा शब्द आहे, वीस वर्षं तरी धरून चाल. आबांकडे वीस वर्षं नाहीत. खिंडीवर वरच्या बाजूला पांढरं दिसायला लागलंय. झाकीप उद्या हे पत्र आणतोय आणि शुक्रवारी परत निघतोय, गाडीत पुढच्या दोन जागा रिकाम्या आहेत. मांसाला मीठ भरपूर लावलंय, पण आमच्याकडे मांजर आहे. जास्त दिवस भरवसा देता येत नाही.

सोनून


२ नोव्हेंबर

एजे,

तू अंगणात आबांशी भांडते आहेस, गाडीत बटाट्याची किती पोती मावतात यावरून. आवाज दोघांचेही सारखेच आहेत. तेवढ्यात ही चिठ्ठी लिहून तुझ्या पिशवीत, मोज्यांच्या खाली घालते. पाच दिवस घर भरलेलं होतं, एकटी सापडलीच नाहीस. एक गोष्ट तुला माहीत नाही, आणि आबा ती मेले तरी सांगणार नाहीत.

शुक्रवारी झाकीप आला तो मोकळाच आला. पुढच्या जागेवर कांद्याची पोती. तू निरोप दिला नव्हतास. तुम्ही स्वतःच्या गाडीने मागून निघाला आहात हे आम्हाला काय माहीत? मी रडले नाही, कामाला लागले. शनिवारी सकाळी वारा सुटला म्हणून आबांच्या खिडकीला बाहेरून जाड नमदा ठोकला. खोलीत दिवा लावावा लागला. मुकाश म्हणाला, ते येत नाहीत, तुकडा उतरवू आणि शिजवू, उगाच वाया जाईल. तो वाईट मनाने नाही बोलला, भूक लागली होती त्याला.

आबा म्हणाले, थांब. फोन मागितला.

तू समजतेस, त्यांनी खिडकीतून तुमची गाडी पाहिली आणि मग फोन केला. जेवताना तू तसं म्हणालीस, आणि ते नुसते हं म्हणाले. तसं नव्हतं. खिडकी बंद होती. त्यांना काही दिसत नव्हतं आणि वाऱ्यात काही ऐकू येत नव्हतं. ते मांडी घालून बसले, चष्मा लावला आणि एकेक आकडा मोठ्याने म्हणत दाबायला लागले. नऊ झाले. थांबले. मी आणि मुकाश दारात उभे. मला वाटलं, रोजच्यासारखं ठेवून देतील. त्यांनी अंगठा पायजम्याला पुसला आणि दहावा दाबला.

आणि फोन अंगणात वाजला.

त्यांनी कानाचा फोन काढून त्याच्याकडे संशयाने पाहिलं. म्हणाले, "अरे, हा बाहेर वाजतोय." मग तुझा आवाज आला, फोनमधून आणि दारातून, दोन्हीकडून. आबा सहा वर्षांत तयार केलेलं सगळं विसरले आणि म्हणाले, "बुरुल, खिंडीत बर्फ आहे का?" तू म्हणालीस, "नाही आबा, मी फाटकाशी आहे." त्यापुढचं तुला माहीत आहे.

एवढंच सांगायचं होतं. तुम्ही आलात म्हणून त्यांनी फोन केला नाही. फोन केला, आणि तुम्ही आलेले होतात.

सुयुंचू फिटलं, आता तुझं माझं काही राहिलं नाही. जेझ्दे जेव्हा छातीचा तुकडा कापून अर्धा मुकाशला द्यायला लागले तेव्हा आबा ओरडले ते योग्यच झालं. रीत ती रीत. आणि मला त्या दिवशी नळी आली, ती तू पाहून न पाहिल्यासारखं केलंस. वाईट वाटून घेऊ नकोस. दाराआड जाऊन मी ती दगडाने फोडली आणि आतलं सगळं ओढून खाल्लं. खरं सांगू, छातीपेक्षा चवीला सरस. जेझ्देंना सांगू नकोस, नाहीतर पुढच्या वेळी ते नळी मागतील.

सोनून